पडद्याखालच्या दोन ओळी

आमच्या घरात सिनेमा पहिल्यापासून शेवटपर्यंत असा कधी बघितलाच गेला नाही. तो तुकड्यातुकड्याने यायचा, दोन पावलं पुढे जायचा, तीन मागे यायचा आणि मध्येच थिजायचा. नायिका तोंड उघडं टाकून तशीच थांबायची, कारण अण्णांना शब्द सापडलेला नसायचा. चार-पाच मिनिटांनी व्हिडिओचं मशीनच कंटाळून खट्‌कन बंद पडायचं. मग पुन्हा सुरू, पुन्हा मागे, पुन्हा तोच हुंदका. आई स्वयंपाकघरातून विचारायची, "अगो, ती मेली अजून रडतेच आहे?" फणसवाडीतल्या आमच्या दोन खोल्यांच्या भिंती पातळ होत्या. शेजारच्या दळवीकाकूंना कित्येक संवाद पाठ झाले होते आणि गॅलरीत कपडे वाळत घालताना त्या ते म्हणून दाखवायच्या. बाहेरच्या लोकांना वाटायचं, काय मजा आहे यांची, घरबसल्या नवेनवे पिक्चर. मजा कसली? जेवताना पहिला घास तोंडात घातला की अण्णा बोट वर करणार आणि आम्ही चावायचं थांबवणार, कारण व्हिलन काहीतरी पुटपुटलेला असायचा.

अण्णा, म्हणजे माझे वडील, गिरगावातल्या एका शाळेत इंग्रजी शिकवायचे. घशाचं दुखणं झालं, आवाज बसला तो बसलाच, आणि त्यांनी वेळेआधी नोकरी सोडली. त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्याने दादरच्या मनोजभाईंशी गाठ घालून दिली. मनोजभाई परदेशात हिंदी सिनेमे पाठवायचे, थिएटरांसाठी आणि नंतर कॅसेटवर. तिकडे पडद्याखाली इंग्रजीत दोन ओळी उमटायच्या, त्या अण्णा लिहायचे. आमच्याकडे यायची ती कॅसेट वेगळी असे, चित्राच्या खालच्या कोपऱ्यात सेकंदांचे आकडे पळत असत. अण्णा कोणत्या आकड्यापासून कोणत्या आकड्यापर्यंत कोणती ओळ ते पेन्सिलीने लिहायचे आणि मी टाइप करायची. कॉलेजातून आले की साडेतीन ते साडेसहा हेच काम. एका ओळीत छत्तीस अक्षरं, जास्त नाही. मधली मोकळी जागाही अक्षरातच धरायची. अजूनही मला पेपरातला मथळा दिसला की बोटं आपोआप मोजायला लागतात, आणि माझी मुलगी म्हणते, आई, काय वाजवतेस टेबलावर?

छत्तीस अक्षरांत काय काय मावत नाही हे मी त्या वर्षांत शिकले. समधी मावत नाही. आपल्याकडे व्याही म्हणून मोकळं होता येतं. इंग्रजीत 'माझ्या सुनेचे वडील' असं लिहीपर्यंत पडद्यावरचा माणूस मिठी मारून, मिठाई खाऊन निघून गेलेला असतो. देवर, जेठानी, मौसी, बुआ यांचंही तेच. अण्णा प्रत्येकासाठी झगडायचे. मग मनोजभाईंचा फोन यायचा, "मास्टरजी, सबको अंकल-आंटी लिख दो. पब्लिक पॉपकॉर्न खाती है, डिक्शनरी नहीं." एकदा एका सिनेमात नायिका नायकाच्या ताटातलं उष्टं उचलून खाते आणि सगळं घर समजून चुकतं. 'उष्टं'ला इंग्रजीत शब्द नाही. अण्णांनी दोन दिवस त्या एका शब्दापायी घालवले. आईने शेवटी रागाने त्यांच्यापुढे कुळथाची पिठी आणि भात आदळला आणि म्हणाली, "तिकडच्या लोकांना उष्टं कळत नाही तर राहू दे ना. त्यांना काय करायचंय आमच्या खरकट्याशी?" अण्णा जेवले नाहीत. शेवटी त्यांनी 'त्याने टाकलेलं ती खाते आहे' अशा अर्थाचं काहीतरी लिहिलं, आणि ते वाचून त्यांचंच तोंड कडू झालं.

त्यांचा नियम एकच होता. पदरचं घालायचं नाही. सिनेमातला माणूस मूर्ख बोलला तर मूर्खच लिहायचं. आपण दुसऱ्याचा निरोप पोचवणारे, निरोप सुधारणारे नाही. मला तो नियम पटत होता. आजही पटतो, आणि म्हणूनच पुढे जे झालं त्याचा त्रास कमी होत नाही.

त्या सुमारास सिनेमातली सगळी कुटुंबं अचानक लंडनला राहायला गेली होती. आधी शेतं, हवेल्या, डाकू असायचे. आता बंगले, लांबलचक मोटारी, थंडीतले कोट, आणि त्या बंगल्यात पहाटे उठून तुळशीला पाणी घालणाऱ्या मुली. मध्यंतराआधी त्या तोकडे कपडे घालून नाचायच्या आणि मध्यंतरानंतर साडी नेसून बापाचं ऐकायच्या. बाप लोक खिडकीशी उभे राहून आपल्या मातीची आठवण काढायचे. आई म्हणायची, "एवढं रडू येतंय तर ये ना परत. विमानं बंद पडलीत का?" मला हसू यायचं, पण अण्णा गंभीर व्हायचे. कारण असा एक माणूस आमच्या घरातलाच होता. बाळकाका, अण्णांचे धाकटे भाऊ, मोटारींच्या कारखान्यातली नोकरी धरून इंग्लंडमध्ये कोव्हेंट्रीला गेले ते तिथलेच झाले होते. त्यांच्या पत्रांतलं गिरगाव त्यांनी सोडलं त्या दिवशीचंच होतं. बंद पडलेल्या दुकानांची खुशाली विचारायचे, मेलेल्या माणसांना नमस्कार सांगायचे. त्यांची मुलगी नीता माझ्याहून दोन वर्षांनी लहान, तिकडेच जन्मलेली. तिला मराठी तोडकंमोडकं यायचं, हिंदी जवळजवळ नाहीच. काका तिला दर रविवारी हिंदी सिनेमा दाखवायचे, आपली संस्कृती कळावी म्हणून. ती पडद्याखालच्या ओळी वाचायची. म्हणजे संस्कृती तिला आमच्या टाइपरायटरवरून जात होती. काका ओळखीच्या सगळ्यांना सांगायचे, हे इंग्रजी माझ्या भावाचं आहे.

बी.ए.चं शेवटचं वर्ष संपत आलं होतं. एकदा अण्णांना ताप होता म्हणून कागद द्यायला मी एकटी दादरला मनोजभाईंच्या ऑफिसात गेले. त्यांनी मला ते मशीन दाखवलं, ज्याच्यावर आमच्या ओळी चित्रावर बसवत. बटण दाबलं की माझ्या बोटांनी टाइप केलेला शब्द नायिकेच्या गळ्याखाली उमटत होता. मी किती वेळ बघत राहिले कोण जाणे. मनोजभाई म्हणाले, "बेटी, तू यहीं आ जा. पूरा दिन काम है." मी तिथल्या तिथे हो म्हणून आले. घरी येऊन उत्साहाने सांगितलं, आणि अण्णांनी चादर बाजूला सारली.

"कोणाला विचारून हो म्हणालीस, शुभा?"

"अण्णा, काम तर तेच आहे. इथे करते ते तिथे करीन."

"इथे माझ्या समोर करतेस. तिथे दहा पुरुषांत बसून दिवसभर पिक्चर बघणार? आणि तुझं इंग्रजी अजून कच्चं आहे."

आईकडे बघितलं, तिने तांदूळ निवडायला घेतले. दोन दिवस अण्णा माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी चहाचा कप हातात घेताना म्हणाले, "जाऊ दे. झालं ते झालं. तुला माफ केलं."

माफ? मी केलं काय होतं? हे विचारायचं धैर्य त्या वेळी झालं नाही.

पुढच्याच आठवड्यात जो सिनेमा आला त्यात लंडनचाच एक बाप होता. मुलीचं एका मुलावर प्रेम आहे असं कळल्यावर तो तिचा पासपोर्ट कपाटात कुलपात ठेवतो. दोन तास सगळे रडतात. शेवटी दारात बर्फ पडत असताना बाप पासपोर्ट काढून तिच्या हातावर ठेवतो आणि भरल्या आवाजात म्हणतो, "ले. तेरे बाप ने तुझे माफ़ किया." मुलगी त्याच्या पायावर कोसळते आणि सगळीकडे शहनाई. त्या वेळी काम फार घाईचं होतं, कारण सिनेमा इथे आणि तिकडे एकाच दिवशी लागायचा होता. अण्णांना अजून अशक्तपणा होता, म्हणून शेवटची चाळीस मिनिटं त्यांनी माझ्यावर सोपवली होती. मी एकटी बसून ते दृश्य पाच वेळा मागेपुढे केलं. पाचव्या वेळी मी सरळ टाइपरायटरवरच टाइप केलं, 'फर्गिव्ह युवर फादर'. म्हणजे, तुझ्या बापाला माफ कर.

शब्द जवळजवळ तेच होते, नुसती दिशा उलटी. वीस अक्षरंसुद्धा झाली नाहीत. रात्री अण्णा तपासतील आणि खोडतील असं मला वाटत होतं. खरं सांगायचं तर त्यांनी ते वाचावं, निदान वाचावं, असंच मला हवं होतं. पण मनोजभाई संध्याकाळीच स्वतः गाडी घेऊन दारात आले आणि कागद घेऊन गेले. अण्णा पलंगावरून म्हणाले, "शेवटचं नीट केलंस ना?" मी म्हटलं, "हो."

तीनएक आठवड्यांनी, रविवारी दुपारी, फोन वाजला. आईने तिरफळं घालून बांगड्याची कढी केली होती आणि आम्ही नुकतेच जेवून उठलो होतो. बाळकाका होते. परदेशच्या फोनवर ओरडून बोलायची त्यांची सवय होती, त्यामुळे त्यांचं बोलणं मला पलीकडच्या खोलीतही ऐकू येत होतं. नीताचं ग्लेन नावाच्या एका मुलाशी जमलं होतं. तिकडचाच, त्याचे आईबाप जमैकाहून आलेले. ही गोष्ट आम्हाला त्या फोनवर पहिल्यांदा कळली. काका चार महिने तिच्याशी बोलत नव्हते. मग तिला घेऊन मुद्दाम बर्मिंगहॅमला हा सिनेमा बघायला गेले. त्यांना वाटलं, पोरीला आईबापांचं मन कळेल. परत येताना गाडीत नीता रडत म्हणाली, बाबा, शेवटी तोसुद्धा मुलीची माफी मागतो, तुम्ही का नाही मागत? काका म्हणाले, माफी कुठे मागतो? माफ केलं म्हणतो तो. नीता म्हणाली, मी वाचलंय. काका म्हणाले, मी ऐकलंय. एकाच थिएटरात शेजारी शेजारी बसून बापलेकींनी दोन वेगवेगळे सिनेमे बघितले होते आणि आता घरी ताटं आपटली जात होती.

"वसंता, तू असं लिहिलंस?" काका ओरडले. "माझा भाऊ माझ्या मुलीला असं शिकवतो?"

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते. त्यांना एका क्षणात सगळं कळलं हे मला दिसलं.

"चूक झाली, बाळ्या," ते त्यांच्या बसक्या आवाजात म्हणाले. "माझ्याकडूनच झाली. दुसऱ्या कोणाकडून नाही. तापात होतो. कॅसेट येईल तेव्हा दुरुस्त करून पाठवतो."

फोन ठेवून त्यांनी कागदांची प्रत मागितली. मी दिली. त्यांनी ओळीवर बोट ठेवलं.

"हे चुकून झालं?"

इथे मला सुटता आलं असतं. ते दार त्यांनी स्वतःच उघडं ठेवलं होतं. मी म्हटलं, "नाही."

"तो माणूस काय म्हणतो?"

"तेरे बाप ने तुझे माफ़ किया."

"मग?"

"मग तिने केलं काय होतं, अण्णा? पासपोर्ट कोणी लपवला होता?"

"ते लिहिणाऱ्याला विचार."

"मी तुम्हाला विचारतेय. मी दादरला गेले, त्यात माफ करण्यासारखं काय होतं?"

आई स्वयंपाकघराच्या दारात आली. तिचे हात ओले होते. अण्णांनी तो कागद पालथा ठेवला. मग म्हणाले, "माझ्याशी भांडायचं होतं तर माझ्याशी भांडायचं. तू माझ्या नावावर माझ्या भावाच्या घरात बोललीस. त्या पोरीला वाटलं वसंतकाका सांगतायत. तिच्या घराचं आता काय होईल, ते तू निस्तरणार?"

गेली कित्येक वर्षं मी तो रविवार मनात पुन्हा पुन्हा उभा करते आहे. कधी मी जिंकते, कधी ते. पण खरोखरच्या त्या दुपारी कोणीच जिंकलं नाही. आईने एवढंच म्हटलं, "ताटं पडलीत," आणि मी ताटं उचलली.

सोमवारी अण्णांनी मनोजभाईंना फोन केला. थिएटरमधल्या प्रिंटचं आता काही होणार नव्हतं, कॅसेटवर बदल करता येणार होता. अण्णांनी दुरुस्तीचं पान सांगितलं आणि मी टाइप केलं. 'युवर फादर फर्गिव्ह्‌ज यू.' का केलं? अण्णांना टाइप येत नव्हतं असं नाही, दोन बोटांनी हळूहळू त्यांनी केलं असतं. मी 'तुम्हीच करा' म्हणून उठू शकले असते. पण त्यांनी कागद पुढे केला आणि मी रोजच्यासारखी मशीनसमोर बसले. मनोजभाई नंतर म्हणाले, लडकी का काम अभी कच्चा है. दादरच्या नोकरीचा विषय पुन्हा निघाला नाही. मी विमा कंपनीत लागले, फोर्टला, आणि अठ्ठावीस वर्षं लोकांच्या अपघातांचे अर्ज वाचले. अण्णांचं कामही पुढे फार टिकलं नाही. कॉम्प्युटरवर भराभर लिहिणारी मुलं आली, त्यांना समधी आणि मौसीशी काही देणंघेणं नव्हतं. हल्ली मोबाइलवर कुठलाही सिनेमा लावा, मशीनच खाली ओळी लिहितं. त्या वाचून मी एकटीच खोलीत चिडते.

त्या कॅसेटची हकीकत नीताच्या आईच्या, म्हणजे काकूंच्या, पत्रातून कळली. काकांनी ती आल्या दिवशीच लावली, नीताला समोर बसवलं आणि शेवटचं दृश्य तीनदा मागे नेऊन दाखवलं. बघ, तुझ्या वसंतकाकांनी चूक सुधारली, आता बोल. त्याच आठवड्यात नीता दोन बॅगा घेऊन घराबाहेर पडली. लग्न कचेरीत झालं. काकू चोरून गेल्या, काका गेले नाहीत. बापलेकींत पुढे किती वर्षं बोलणं नव्हतं ते काकूंनी लिहायचं थांबवलं तेव्हा मीही मोजायचं थांबवलं. अण्णा ते पत्र वाचून गॅलरीत जाऊन उभे राहिले होते. मला वाटलं आता काहीतरी म्हणतील. ते म्हणाले, "पत्र आईला दे."

काका गेले, अण्णा त्यांच्याआधीच गेले होते. या मार्चमध्ये नीता आपल्या मुलीला घेऊन मुंबईत आली. ग्लेनला सुट्टी नव्हती. मुलगी पंचविशीची, हिंदी गाण्यांवर नाचणारी, फोनवर सिनेमे बघून चार वाक्यं हिंदी शिकलेली. तिला गिरगावच्या गल्ल्यांत फोटो काढायचे होते, म्हणून ती खाली गेली. नीता माझ्यासमोर बसली. केस पिकलेले, हात अगदी बाळकाकांचे.

मी ठरवलंच होतं. म्हटलं, "नीता, ती ओळ अण्णांची नव्हती. मी लिहिली होती."

"आय नो," ती म्हणाली. "बाबांनी सांगितलं. हॉस्पिटलमध्ये, शेवटी. म्हणाले, वसंता असं लिहिणार नाही. शुभा असणार."

"आणि? पुढे काय म्हणाले?"

"काही नाही. चहा मागितला."

"नीता, काहीतरी म्हणाले असतील."

"चहा गरम नाही, म्हणाले." ती हसली, पण डोळे हसले नाहीत. "शुभाताई, सिनेमा बघितल्यावर त्या दोन आठवड्यांत आय वॉज सो हॅपी. मला वाटलं, बघ, इंडियात एक मोठा माणूस माझ्या बाजूला आहे. मग ती कॅसेट आली. ते वसंतकाकांनी बदललं ना? यू कुडन्ट स्टॉप हिम."

तिने मला तेवढ्यावर सोडलं होतं. अण्णांनी तेव्हा उघडं ठेवलं होतं तसंच हे दार. मी पुन्हा तेच केलं. म्हटलं, "त्यांनी सांगितलं, पण टाइप मी केलं. माझ्या हाताने."

खालून नीताच्या मुलीने हाक मारली. नीता उठली, पर्स खांद्याला लावली, दाराशी चप्पल घालताना माझ्याकडे न बघता म्हणाली, "हे नव्हतं सांगायला पाहिजे तू."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघींनी शिवडीला फ्लेमिंगो बघायला जायचं ठरवलं होतं. मी सकाळी लवकर उठून घावणे आणि चटणी करून डबा भरला, पाण्याच्या बाटल्या भरल्या. साडेसात वाजता नीताचा फोन आला. म्हणाली, तू राहू दे, ऊन फार आहे, तुला त्रास होईल. मी म्हटलं, मला काही त्रास नाही. ती म्हणाली, राहू दे. मग मीही राहू दिलं. दुपारी डबा उघडून एकटीच जेवायला बसले. घावणे गार होऊन एकमेकांना चिकटले होते, ते सोडवत सोडवत खाल्ले.